बनुबाईची वाई

लालासाहेबाची थोरली बहीण बनुबाई श्रावणापासून दर महिन्याला वाईला जायला लागली. पहिल्या दोन खेपांना घरात कुणी काही म्हटलं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, जन्मभर घर आणि रान यांच्या पलीकडं गेली नाही, आता उतारवयात देवाला जाते म्हणते तर जाऊ दे, असं सून पूजाही म्हणाली. तिसऱ्या खेपेला मात्र लालासाहेबाच्या मनात पाल चुकचुकली.

संशय घेणं हे त्याचं कामच होतं. पलटणीतनं हवालदार म्हणून सुटून आल्यावर काही वर्षं त्यानं शेती केली आणि मग शिरवळच्या एका कारखान्याच्या गेटवर बारा वर्षं काढली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या माणसांचे डबे उघडून बघायचे, पिशव्या चाचपायच्या. भाताखाली दडवलेले पितळेचे नट त्यानं स्वतः पकडले होते. एकाच्या हाताच्या प्लॅस्टरमधनं तांब्याची तार निघाली होती. तेव्हापासून तो माणसाच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायचा. वर्षापूर्वी तो ताकारीजवळच्या आपल्या गावी कायमचा परत आला. बायको चार वर्षांमागं गेलेली, मुलगा शिवतेज पलटणीत. घरात तो, पूजा आणि बनुबाई.

संशयाला पहिलं कारण दिलं ते झेरॉक्सवाल्या कृष्णातनं. चहा पिता पिता तो सहज म्हणाला की आत्या आल्या होत्या, आधार कार्डाच्या दोन प्रती काढल्या आणि चार फोटोही काढून घेतले. लालासाहेबानं कप खाली ठेवला. देवाला आधार कार्ड कशाला लागतं, हे काही त्याला कळेना.

मग तो लक्ष ठेवायला लागला. वाईला जाताना बनुबाई पिशवीत एक पांढरं पातळ घालून न्यायची. नवरा जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण पांढरं तिनं कधी नेसलं नव्हतं. परत आल्यावर त्या पातळाच्या पदराला गुलाबीसर पावडर लागलेली असायची. एकदा परड्यात ती फोनवर बोलत होती. तो गोठ्याच्या आडोशाला उभा होता. त्याला एवढंच ऐकू आलं, "व्हय, सातला येती. न्हाई गं, घरात कुनालाबी सांगितलं न्हाई."

आता त्याला सगळं चित्र डोळ्यांपुढं दिसायला लागलं. कुणीतरी बुवा असणार. पांढरी कापडं नेसवून बायका बसवत असेल, कपाळाला कसली तरी पावडर लावत असेल. बनुबाईच्या नावावर वडिलांनी रस्त्याकडंचं एक एकर केलं होतं. आधार कार्ड, फोटो, म्हणजे कुठल्या तरी ट्रस्टच्या नावानं बक्षीसपत्र. शेजारच्या गावातल्या एका म्हातारीनं असंच रान मठाला लिहून दिलं होतं आणि तिच्या पोरांना सात-बारा हातात आल्यावर कळलं होतं.

मार्गशीर्षात बनुबाईनं पिशवी भरायला घेतली तेव्हा तो म्हणाला की या खेपेला मीही येतो. ती नाही म्हणेल, काहीतरी सबब सांगेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं पातळाची घडी केली आणि म्हणाली, "ये की. पयल्या गाडीनं जायचं हाय."

ती इतक्या सहज म्हणाली, की त्याला ती बुवाची शिकवण वाटली.

गळिताचा हंगाम होता. कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं गाडी रखडत गेली. बनुबाईनं अर्धं तिकीट काढलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. लालासाहेब जागा होता. त्यानं दोघांच्या पिशव्या पायांत धरल्या होत्या. ती गाढ झोपल्यावर तिची पिशवी त्यानं हळूच उघडून बघितली. पांढरं पातळ, खोबरेल तेलाची बाटली, मऊ फडकी आणि एका कागदी पाकिटात ते फोटो. फोटोत ती कॅमेऱ्याकडं सरळ बघत होती. अशी नजर त्यानं तिच्या तोंडावर कधी बघितली नव्हती. त्यानं पाकीट पुन्हा होतं तसं ठेवलं.

साताऱ्याला गाडी बदलली. पाचवडला हायवे सुटला आणि गाडी वाईच्या रस्त्याला लागली. शिरवळला बारा वर्षं काढून तो एकदाही वाईला आला नव्हता. खंबाटकी घाट उतरला की पाटी दिसायची, तेवढीच. दक्षिण काशी म्हणतात हे माहीत होतं. काशी म्हटलं की फसवणारी माणसं आलीच, असं त्याचं मत होतं, कारण पलटणीतले उत्तरेकडचे जवान स्वतःच तसं सांगायचे.

स्टँडवर उतरल्याबरोबर एक रिक्षावाला बनुबाईला म्हणाला, "आजी, आज उशीर?" ती हसली. नदीकडं जाताना चहाच्या टपरीवाल्यानं न विचारता दोन कप पुढं केले. लालासाहेब प्रत्येकाकडं नीट बघून घेत होता. चार महिन्यांत एवढी ओळख. त्याच्या हिशेबानं हे सगळे एकाच टोळीतले असायला पाहिजे होते.

आधी दोघं ढोल्या गणपतीला गेले. बनुबाईनं चपला बाहेर काढल्या. लालासाहेबानं आपल्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत घातल्या. आत गेल्यावर मात्र त्याला थांबावं लागलं. एवढा मोठा गणपती त्यानं कुठं बघितला नव्हता. मांडी घालून बसलेला, पोट सोडून, घरच्या ओसरीवर म्हाताऱ्यानं बसावं तसा. पुजाऱ्यानं कुठनं आलात विचारलं. लालासाहेबानं उलट विचारलं, "का?"

पुजारी म्हणाला की सहज विचारलं. मग त्यानं सांगितलं की देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पूर आला की पाणी तिच्यावर फुटतं आणि दोन्हीकडनं निघून जातं, गाभाऱ्याला जोर लागत नाही. आता हा दक्षिणा मागणार, म्हणून लालासाहेब तयारीत राहिला. पुजारी समई पुसायला निघून गेला. त्यानं काहीच मागितलं नाही, याचं लालासाहेबाला थोडं वाईटच वाटलं.

घाटाच्या पायऱ्यांवर बनुबाईनं कृष्णेचं पाणी डोळ्यांना लावलं. पाणी हिरवट होतं, काठाला निर्माल्य तरंगत होतं, बाया कपडे धूत होत्या. लालासाहेब म्हणाला की हेच पाणी खाली ताकारीच्या योजनेतनं आपल्या उसाला येतं, मग त्यासाठी एवढं वर कशाला यायचं. बनुबाईनं पलीकडच्या काठावरची देवळं, पायऱ्या उतरणारी माणसं, एका ओट्यावर वाळत घातलेल्या कुरड्या असं सगळं निवांत बघितलं, आपल्याच रानाच्या बांधावर बसल्यासारखं.

थोड्या वेळानं ती उठली. "तू हितं बस. दुपारी जेवाय भेटू. मला एक काम हाय."

"कसलं काम?"

"देवाचंच म्हन."

तेवढ्यात वर रस्त्यावर एक मुलगी स्कूटीवर येऊन थांबली. पंचविशीची असेल, पॅन्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्र, कमरेला वॉकीटॉकी. "बनुआजी, चला," म्हणाली. बनुबाई पिशवी मांडीवर घेऊन मागं एका अंगानं बसली, जणू रोजचीच सवय, आणि स्कूटी गल्लीत दिसेनाशी झाली.

लालासाहेब धावला, पण गुडघे आता पहिले राहिले नव्हते. परत येऊन त्यानं टपरीवाल्याला विचारलं की ती पोरगी कोण आणि कुठं गेली. टपरीवाल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही आजींचे कोण?" त्यानं भाऊ म्हणून सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मग त्यांनाच विचारा की." ओळखपत्र, वॉकीटॉकी आणि तोंड न उघडणारी माणसं. बुवाचा कारभार मोठा दिसत होता.

त्यानं नदीकाठ धरला आणि एकेक घाट बघत निघाला. वाटेत दिसेल त्या देवळात डोकावला. एका देवळात दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एका वाड्याच्या दारात शिकवणीची पाटी होती. कुठंच बुवा दिसेना. शेवटी एका अरुंद बोळातनं तो पुढच्या घाटाच्या वरच्या अंगाला आला आणि जागीच थबकला.

खालच्या पायऱ्यांवर जटा वाढवलेले, भस्म फासलेले साधू बसले होते. भिंतीवर हिंदीत पाट्या होत्या, त्यांत गंगा असं लिहिलेलं होतं. हे कृष्णेच्या काठावर कुठनं आलं, त्याला कळेना. एक साधू फोनवर अस्सल वाईच्या बोलीत कुणाला तरी गाईचं औषध सांगत होता आणि मनगटावरचं घड्याळ लांब जटांखाली झाकत होता. लालासाहेबाची खात्रीच पटली. मग त्याची नजर पाण्याच्या कडेला गेली. तिथं तिरडी ठेवली होती. तिरडीवर माणूस होता, तोंड उघडं, गळ्यात झेंडूच्या माळा. भोवती पांढऱ्या पातळातल्या पाच-सहा बाया, आणि त्यांच्यात, मढ्याच्या पायाशी, बनुबाई.

कोण मेलं? ही कुणाच्या मयताला बसली आहे? या माणसासाठीच ती दर महिन्याला येत होती का? जन्मभर जिच्या हातचं जेवलो तिचं वाईला आणखी एक घर होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं काहीबाही क्षणात त्याच्या डोक्यातनं गेलं. तो पायऱ्या उतरायला लागला. निम्म्यात आला तेव्हा मढ्यानं हात वर करून नाक खाजवलं.

"काका, थांबा. पुढं जाता येणार नाही."

निळ्या गणवेशातला एक गार्ड दोरीच्या अलीकडं उभा होता. लालासाहेब म्हणाला की माझी बहीण आहे तिथं. गार्ड म्हणाला की सगळ्यांचंच कुणी ना कुणी आहे तिथं, आत शूटिंग चालू आहे, पिशवी दाखवा. बारा वर्षांत लालासाहेबाची पिशवी कुणी तपासली नव्हती. गार्डनं ती उघडली, वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं, आतल्या चपला बघितल्या आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यानं पुडकं पुन्हा बांधून दिलं आणि त्याला दोरीपाशी उभं राहू दिलं.

आता घाटावरच्या एका देवळाच्या कोपऱ्याआडचं सगळं दिसलं. कॅमेरे, मोठाले दिवे, छत्रीखाली बसलेली माणसं. ज्याला तो देऊळ समजला होता त्यातला एक कळस एक पोरगा काखेत मारून दुसरीकडं नेत होता. तीच स्कूटीवाली मुलगी बायांना कुठं बघायचं ते सांगत होती. तिचं नाव साक्षी, हे त्याला नंतर कळलं. ती वाईचीच होती आणि सिनेमावाल्यांना गर्दीसाठी माणसं पुरवायची.

लालासाहेबाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याला रागही आला. बुवा नाही, ट्रस्ट नाही, रान सलामत आहे. पण ह्या वयात, घरातल्या विधवा बाईनं, तोंडाला रंग लावून सिनेमात. गावाला कळलं तर काय, हे त्याच्या मनात यायला लागलं.

मग कुणीतरी हिंदीत ओरडलं आणि घाट एकदम शांत झाला. दूरवरच्या बाया धुणं बडवायच्या थांबल्या. साधू साधूसारखे बसले. बनुबाईनं मढ्याच्या पायांवर दोन्ही हात ठेवले आणि रडायला सुरुवात केली.

ते रडणं ऐकून लालासाहेबानं दोरी घट्ट धरली. साक्षीनं तिला नुसतं रडायला सांगितलं होतं, बोलायचं नाही, सिनेमा हिंदी होता. पण बनुबाईच्या तोंडून शब्द यायला लागले, आपल्याकडच्या बाया मयताला सूर धरून रडतात तसे.

"किती हाका मारल्यास रं धनी... येक हाक ऐकली न्हाई मी, तर असा रुसून गेलास... माज्या माथ्यावर आळ ठिऊन गेलास..."

तिला कुणी थांबवलं नाही. तिच्या शेजारच्या बाया खोटं रडत होत्या, त्यांतल्या दोघी खऱ्याच रडायला लागल्या. छत्रीखालचा माणूस खुर्चीतनं उठून उभा राहिला होता.

सत्त्याण्णव साली बनुबाईचा नवरा विहिरीत पडून गेला तेव्हा लालासाहेब सीमेवर होता. तार मिळून, रजा मंजूर होऊन तो विट्याकडच्या तिच्या सासरच्या गावी पोचला तेव्हा दहावा झाला होता. दारात शिरायच्या आधीच त्याला दोघा-तिघांनी बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या बहिणीनं एक टिपूस गाळलं नाही. नवरा दारू पिऊन मारायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तर जास्तच बोललं जात होतं. पोलीस येऊन गेले, अपघात म्हणून लिहून गेले. सासरच्यांनी मात्र तिचं त्या घरात राहणं अशक्य केलं. त्या संध्याकाळी गोठ्यात लालासाहेबानं तिला विचारलं होतं, "आक्का, खरं सांग. तू काय केलंस का?" तिनं त्याच्याकडं बघितलं. तो लगेच बाहेर निघून आला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तो माहेरी आला. तिनं त्याचं घर सांभाळलं, शिवतेजला मोठं केलं, त्याच्या बायकोचं दुखणं काढलं. तो प्रश्न पुन्हा त्यानं कधी काढला नाही. पण माझा तुझ्यावर विश्वास आहे, असंही तो कधी म्हणाला नव्हता, कारण तसं त्याला नक्की वाटत नव्हतं.

काम थांबलं तसा मढं झालेला माणूस उठून बसला. तो भाऊसो, एसटीतनं निवृत्त झालेला कंडक्टर. तो बनुबाईला म्हणाला, "आजी, आज लय रडलासा. माझे पाय पार भिजले." बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्या पायावरचं पाणीही पुसलं. मग तिची नजर दोरीपाशी उभ्या असलेल्या भावाकडं गेली. ती दचकली नाही.

जेवणाच्या सुट्टीत दोघं वरच्या पायरीवर बसले. पत्रावळीवर पुरी-भाजी आणि शिरा होता. तोंडाचा रंग तिनं खोबरेल तेलानं पुसून काढला होता. तिनं आपणहूनच सांगायला सुरुवात केली. श्रावणात महिला मंडळाची गाडी पाचगणी करून इथं आली होती. बाकीच्या बाया देवळं बघत होत्या, ती पाय दुखले म्हणून घाटावर बसली होती. साक्षी आली आणि म्हणाली की आजी, तुम्ही नुसतं नदीकडं बघत बसा, आम्ही लांबनं चित्र घेतो. ती बसली. मग साक्षीनं नंबर घेतला. पुढच्या महिन्यात फोन आला. कागदपत्रं लागतात म्हणाले, ती तिनं दिली. राहायला साक्षीच्या आजीकडं जागा होती. कामाचा रोज मिळतो, तो ती पोस्टात टाकते.

लालासाहेब म्हणाला की एवढं होतं तर सांगायचं, देवाच्या नावाखाली खोटं कशाला बोललीस.

"खोटं कुठं बोलली? आदी देवाला जाती, मग हितं येती. आज तूच बघितलंस की."

तो शिऱ्यातले बेदाणे बाजूला काढत राहिला. खाली साधू ओळीनं बसून जेवत होते. शेवटी त्याला जे विचारायचं होतं ते त्यानं विचारलं.

"तवा का रडली न्हाईस?"

बनुबाईनं हातातली पत्रावळ पायरीवर ठेवली.

"तवा समदी माज्या तोंडाकडं बघाय बसली हुती. ही रडती का, कवा रडती. डोळ्यांत पानीच येईना. हितं मी कोन ते कुनाला ठावं न्हाई. मानसं बघत्यात, पन ती दुसरीच कुनीतरी बाई बघत्यात."

लालासाहेब म्हणाला की त्या दिवशी गोठ्यात मी तुला तसं विचारायला नको होतं. हे म्हणायला त्याला अठ्ठावीस वर्षं लागली होती.

"इचारलंस त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "सख्खा भाऊ हायस, तू न्हाई इचारायचं तर कुनी? पन उत्तर ऐकाय थांबला न्हाईस."

"मग आता सांग."

तिनं सांगितलं. आवाज न चढवता, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं. त्या दिवशी सकाळीच नवरा पिऊन आला होता. मोटर चालू करायला विहिरीवर गेला. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. तो रोजच हाका मारायचा, तंबाखूला, पाण्याला, नुसत्या शिव्या द्यायला. उशीर झाला की मारायचा, लवकर गेलं तरी मारायचा. तव्यावर भाकरी होती. तिनं ठरवलं की भाकरी उलटून जाऊ. दुसरी हाक आली. तिनं भाकरी उलटली, तवा उतरवून चुलीच्या आरावर शेकली, टोपलीत टाकली, हात पुसले आणि मग गेली. विहिरीपाशी गेली तेव्हा पाणी हलत होतं, वर कुणी नव्हतं.

"मी ढकललं न्हाई," ती म्हणाली. "पन पयल्या हाकंला गेली असती तर काय झालं असतं, ते मला ठावं न्हाई. त्येच घिऊन बसली हाय."

लालासाहेबानं आयुष्यभर माणसांची उत्तरं तोलून बघितली होती. खोटं बोलणारा नजर कुठं वळवतो, हात कुठं ठेवतो, हे त्याला पाठ होतं. आता त्यानं बहिणीच्या हातांकडं बघितलं. ते मांडीवर पालथे पडले होते, दमलेले. त्यांतनं त्याला काही कळलं नाही.

खालनं साक्षीनं हाक मारली. बनुबाई उठली. अजून दोन दिवस काम होतं. ती म्हणाली की तू थांबलास तर माझं ध्यान तुझ्याकडं जाईल, तू जा. त्यानं मान हलवली. पत्रावळी तिनं गोळा केल्या. जाताना त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पायऱ्या उतरून ती पांढऱ्या पातळातल्या बायांत जाऊन बसली. वरनं बघताना त्यांतली आपली कोण हे त्याला पटकन ओळखता आलं नाही.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. वाई मागं पडली, उजव्या हाताला वैराटगड दिसला, पाचवडचा पूल आला. लालासाहेबाला आपला राग गेला आहे असं वाटत होतं. हलकंही वाटत होतं. पण साताऱ्याच्या अलीकडं दुसरंच काहीतरी मनात शिरलं. ती आता इतकी चांगली रडते. शेजारच्या बायांना रडवते. मग पायरीवर बसून तिनं सांगितलं ते खरंच होतं, की तेही तसंच? हा विचार आल्याची त्याला लाज वाटली. खिडकीची काच वर करून त्यानं गार वारं तोंडावर घेतलं. विचार गेला नाही. तो कराडपर्यंत त्याच्याशेजारी बसून आला.

घरी पूजानं विचारलं की आत्या बऱ्या आहेत का, वाई कशी आहे. तो म्हणाला की बरी आहे, घाट मोठे आहेत, गणपती लय मोठा आहे, आक्का दोन दिवसांनी येईल. बाकी त्यानं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. पूजा भाकरी करत होती. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला. लालासाहेब बघत राहिला. पाणी सुकलं. तिनं उलथन्यानं कड सोडवली, भाकरी उलटली. ती बाजू भाजेपर्यंत तिनं दुसरा गोळा मळायला घेतला. मग तवा उतरवला, भाकरी जाळावर धरली. भाकरी फुगली. तिनं ती टोपलीत टाकली आणि हात पुसले.

लालासाहेबाच्या मनगटावर घड्याळ होतं. त्यानं मुद्दामच त्यात बघितलं नव्हतं.

"आबा, काय बघताय?" पूजानं विचारलं. "आवं, च्या गार झाला."

"काय न्हाई," तो म्हणाला. उठून अंगणात गेला, कट्ट्यावर बसला आणि त्यानं बनुबाईला फोन लावला. चार-पाचदा रिंग वाजली. तिनं उचलला तेव्हा मागं माणसांचा गलका होता. भाऊसोला ताप आला होता, दुसरा माणूस मिळेपर्यंत काम थांबलं होतं. ती म्हणाली की त्यामुळं दोनाचे तीन दिवस होतील असं दिसतंय.

"व्हऊ दे तीन," लालासाहेब म्हणाला. "च्या घेतलास का?"